लाटणे, थाळी आणि घासलेटची रांग: मुंबईच्या महागाईविरोधी महिला आघाडीचे प्रकरण (१९७२ ते १९७५)

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) मधील कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्तांना शहरात तलवारी, भाले, सोटे, सुरे, काठ्या आणि शरीराला इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू बरोबर बाळगण्यास मनाई करता येते. दीड वितीचे सागवानी लाटणे यातल्या शेवटच्या शब्दांत बसते की नाही, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी बहुधा केला नसावा. १९७२ नंतरच्या तीन वर्षांत मुंबईत बंदोबस्ताला उभ्या राहिलेल्या हवालदारांना मात्र तो करावा लागला असणार, कारण समोरून हजारो बायका लाटणी उंचावून येत होत्या, आणि त्या लाटण्याला हत्यार म्हणायचे तर स्वतःच्या घरी पोळपाटावर पडलेले लाटणेही हत्यारच ठरत होते.

या मोर्च्यांमागे जी संघटना होती तिचे नाव महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. १९७२ मध्ये ती स्थापन झाली, १९७३ आणि १९७४ मध्ये तिने मुंबई दणाणून सोडली आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी आल्यावर तिचे काम थांबले. आयुष्य तीन वर्षांचेच असले तरी अहिंसक आंदोलनाचा अभ्यास करणाऱ्याने या प्रकरणाकडे बारकाईने पाहावे असे मला वाटते, कारण येथे उपोषणाला बसलेला महात्मा नव्हता, कायदेभंगाची हाक नव्हती आणि तुरुंगात जाण्याची शपथही नव्हती. डब्यात मोजता येईल इतकी छोटी मागणी होती. तिने समितीला बळ कसे दिले, आणि त्याच मागणीच्या छोटेपणामुळे समिती कुठे अडली, हे तपासणे हा या लेखाचा विषय आहे.

रांग

१९७१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ६० लाख होती आणि या माणसांपैकी बहुतेकांचा महिना शिधापत्रिकेवर उभा होता. १९७० पासून महाराष्ट्रात पावसाने ओढ दिली होती. १९७२ चा दुष्काळ त्यातला सर्वांत भीषण ठरला. गावाकडून भाऊबंद मुंबईत येत होते, त्यामुळे खोलीत जेवणारी तोंडे वाढत होती आणि कार्डावरची नावे मात्र तेवढीच राहत होती. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लालसर ज्वारी मिळू लागली, जिची भाकरी थापताना चिरत असे आणि जिचे नाव काढले की त्या पिढीतली माणसे आजही तोंड वाकडे करतात. त्यातच ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत जगाच्या बाजारातील खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. देशातील घाऊक किमतींची वाढ १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्के आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्के इतकी नोंदली गेली.

आकड्यांपेक्षा घासलेटाची रांग जास्त बोलकी होती. गॅसची शेगडी ही त्या वेळी मोजक्या घरांची चैन होती. चाळीत आणि झोपडपट्टीत स्वयंपाक वातीच्या किंवा पंपाच्या स्टोव्हवर होत असे. माझी आई लग्न होऊन लालबागला आली ती याच सुमारास, आणि तिच्या आठवणीतील पहिली मुंबई म्हणजे पहाटे साडेचारला डबा घेऊन जिना उतरणे. रांगेत आधी माणसे नसतच, डबेच उभे असत. कुणाच्या डब्याच्या कडीला लाल चिंधी, कुणाच्या सुतळीची गाठ, एखाद्या ठिकाणी डब्याऐवजी नुसती वीट. दुकान उघडेपर्यंत बायका घरी जाऊन नळाचे पाणी भरून येत, आणि कोणाची वीट कोणी सरकवली यावरून रोज एक तरी भांडण होत असे. एवढे करून आपला नंबर येईतो पाटी लागायची: घासलेट संपले.

या रांगेचा राजकीय अर्थ समितीच्या नेत्यांनी अचूक ओळखला. गिरणीचा कामगार संघटित होतो, कारण तो एका खात्यात, एका पाळीत, एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली उभा असतो. गृहिणी आपापल्या खोलीत विखुरलेली, म्हणून तिला संघटित करणे अवघड, अशी सर्व पक्षांची समजूत होती. टंचाईने ती समजूत मोडली. आता त्या बायका रोज दोन-तीन तास एकाच ठिकाणी, एकाच कारणासाठी उभ्या होत्या. पक्षाच्या कार्यकर्तीला घरोघर फिरण्याची गरज उरली नव्हती. डबा घेऊन रांगेत उभे राहिले तरी पुरत होते.

चौघीजणी

समितीच्या नेतृत्वाकडे पाहिले की, ही युती झालीच कशी, असा प्रश्न पडतो. मृणाल गोरे समाजवादी. गोरेगावात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते, १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून गेल्या आणि उपनगरातील पाण्यासाठी त्यांनी इतके आकाशपाताळ एक केले की 'पाणीवाली बाई' हे त्यांचे दुसरे नावच होऊन बसले. १९७२ मध्ये त्या विधानसभेत पोहोचल्या होत्या. प्रमिला दंडवते याही समाजवादी, राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतल्या. अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या. १९४३ पासून परळच्या गिरणगावात कामगार स्त्रियांमध्ये त्यांचा वावर होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या आघाडीवर होत्या. तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. यांच्याबरोबर कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या असंख्य गृहिणी होत्या आणि मोर्च्याची गर्दी मुख्यतः त्यांची होती.

समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे वैर १९४२ पासूनचे. 'चले जाव'च्या वेळी कम्युनिस्ट पक्षाने घेतलेली विरोधी भूमिका समाजवाद्यांनी कधीही पुरती माफ केली नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५६ नंतर त्यांना काही काळ एका व्यासपीठावर आणले, पण तो सांधा पुढे निखळला. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष स्वतःच दुभंगला, आणि त्यातील भारतीय कम्युनिस्ट पक्ष सत्तरीच्या दशकात इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या जवळ गेला. म्हणजे १९७२ मध्ये या चौघींचे पक्ष देशाच्या राजकारणात एकमेकांसमोर उभे होते. तरीही समिती टिकली. याचे श्रेय मी त्यांच्या मनाच्या मोठेपणाला देतोच. परंतु त्याहून अधिक ते मागणीच्या स्वरूपाला द्यावे लागेल. साखर किती ग्रॅम मिळावी, गोडेतेल कोणत्या भावाने मिळावे, घासलेट दर कार्डावर किती लिटर मिळावे, या प्रश्नांवर मार्क्सवादी आणि लोहियावादी उत्तरे वेगवेगळी नसतात.

साधनांची निवड

लाटणे हे मराठी विनोदाचे जुने गिऱ्हाईक आहे. दिवाळी अंकांतील व्यंगचित्रांत दार उघडून उशिरा घरी आलेला नवरा आणि दाराआड लाटणे उगारून उभी असलेली बायको हे चित्र इतक्या वेळा आले आहे की, त्यात हसण्यासारखे काही उरलेले नाही. त्या चित्रातील बायको कजाग असते आणि तिचा राग नेहमीच क्षुल्लक असतो. समितीने तेच लाटणे उचलून रस्त्यावर आणले, तेव्हा हा विनोद उलटला. ज्याच्यावर ते उगारले जात होते तो आता नवरा नव्हता, पुरवठा खाते होते. मोर्च्याकडे पाहून लोक हसत होते, पण बायकांच्या बाजूने हसत होते, आणि अहिंसक आंदोलनाला बघ्यांचे असे हसू फार उपयोगी पडते. हसणाऱ्या गर्दीसमोर लाठी उगारणे पोलिसांना जड जाते.

दुसरे साधन थाळी. लाटण्याने रिकामी थाळी बडवायची, एवढेच. परंतु त्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. मोर्च्यात यायचे तर दिवस मोडतो, मुले कोणाकडे तरी ठेवावी लागतात, सासू-सासऱ्यांना सांगावे लागते. थाळी मात्र घरातूनही वाजवता येते. आईला मोर्च्याला जाण्याची परवानगी पहिल्या खेपेस मिळाली नाही. सासऱ्यांसमोर ती मोठ्याने बोलत नसे. त्यांना चहा हवा का, हेदेखील सासूबाईंमार्फत विचारले जाई. त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी गॅलरीत सुरुवात केली, मग पलीकडच्या खोलीतून आवाज आला, मग खालच्या मजल्यावरून, आणि आईही पितळेची थाळी घेऊन उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. आजोबा आत वर्तमानपत्र वाचत होते, ते वाचतच राहिले. त्या थाळीच्या मध्यभागी पडलेला खळगा मी लहानपणी बोटाने चाचपून पाहिलेला आहे. आमटी वाढली की ती आधी तिथे जमायची.

थाळीच्या आवाजात व्यक्ती सापडत नाही, हा तिचा आणखी एक गुण. कोणत्या खोलीतून आवाज आला हे सांगता येत नाही आणि अख्ख्या चाळीला अटक करता येत नाही. ज्या बाईला नाव पुढे येण्याची भीती आहे, तिलाही सहभागी होता येते. उलट मोर्च्यात चेहरा दाखवावा लागतो आणि त्यासाठी धैर्य लागते. समितीने या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या, आणि पहिल्या पायरीवरून दुसरीवर येण्यासाठी बायकांना वेळ दिला. आई पुढच्या मोर्च्याला गेली.

सचिवालयावर जाणारे मोर्चे त्या काळी काळ्या घोड्यापाशी अडवले जात. (घोड्याचा पुतळा १९६५ मध्येच तेथून हलवला गेला होता, मुंबईकरांनी नाव तेवढे ठेवून घेतले. सचिवालयाचे मंत्रालय व्हायचे होते.) अडवल्यावर काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक आंदोलनाला द्यावे लागते, कारण अहिंसा मोडते ती बहुधा याच ठिकाणी. मागचे पुढच्यांना रेटतात, पुढचे कडे तोडतात आणि पोलिसांना जे हवे असते ते मिळते. बसकण मारलेल्या, मांडीवर मूल घेतलेल्या आणि थाळ्या बडवणाऱ्या बायकांच्या मोर्च्यात असा रेटा तयार होणे कठीण होते. येथे नेत्यांचा पूर्वानुभवही कामी आला. मृणालताईंनी पाण्यासाठी महापालिकेत आणि अहिल्याताईंनी गिरणगावात असे प्रसंग कैकदा हाताळले होते, आणि आत जाऊन बोलायचे ते शिष्टमंडळ कोणते, काय घेऊन बाहेर यायचे आणि बाहेर आल्यावर बायकांना काय सांगायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कायदा मोडणे आणि कायदा पाळायला लावणे

या प्रकरणाची तुलना मिठाच्या सत्याग्रहाशी करण्याचा मोह होतो, आणि काही प्रमाणात ती योग्यही आहे. १९३० मध्ये याच मुंबईत स्त्रिया चौपाटीवर समुद्राचे पाणी उकळून मीठ करत होत्या. मीठ आणि घासलेट दोन्ही चुलीशी निगडित, दोन्ही गरिबाला टाळता न येणारे. गांधीजींनी मीठ निवडले तेव्हा भल्याभल्यांनी नाके मुरडली होती, आणि घासलेटाच्या प्रश्नालाही 'राजकीय' म्हणायला अनेकजण तयार नव्हते.

फरक मात्र महत्त्वाचा आहे. मिठाचा कायदा अन्यायकारक होता म्हणून तो मोडायचा होता. जीवनावश्यक वस्तू अधिनियम १९५५ पासून अस्तित्वात होता, साठेबाजी हा गुन्हा होता, भावफलक लावणे दुकानदाराला बंधनकारक होते. कायदा बायकांच्या बाजूचा होता आणि तो पाळला जात नव्हता. त्यामुळे समितीने कायदेभंगाऐवजी कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी लावून धरली. साठेबाजांवर छापे घाला, शिध्याचे प्रमाण वाढवा, आलेला माल कुठे गेला ते सांगा, असा त्यांचा रोख होता. सरकारला याचे उत्तर देणे कायदेभंगापेक्षा अवघड जाते. कायदा मोडणाऱ्याला तुरुंगात टाकता येते; तुमचाच कायदा तुम्ही पाळा, असे म्हणणाऱ्या बाईला कोणत्या कलमाखाली टाकायचे?

समितीने वापरलेल्या घेराव या साधनाबद्दल मात्र माझ्या मनात थोडी शंका आहे आणि ती येथे नोंदवतो. अधिकाऱ्याला त्याच्या खोलीत चारी बाजूंनी वेढून बसायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाही, ही पद्धत शारीरिक इजा करत नाही हे खरे. परंतु समोरच्या माणसाचे बाहेर जाण्याचे स्वातंत्र्य ती काढून घेते, आणि सत्याग्रहात जो क्लेश स्वतः सोसायचा असतो तो येथे दुसऱ्याला सोसावा लागतो. कठोर गांधीवादी याला दबाव म्हणेल. याचे एक उत्तर असे की, रांगेत उभी असलेली बाई रोजच तीन तास अशीच अडकलेली असते आणि अधिकाऱ्याला त्यातला एक तास अनुभवायला मिळाला तर त्यात मोठा अन्याय नाही. हे उत्तर मला पटते, तरी पूर्णपणे पटत नाही. घेराव घालणाऱ्यांत मृणालताईंसारखी ओळखीची, विश्वासाची आणि शब्दाला जागणारी व्यक्ती होती, म्हणून तो ताब्यात राहिला; तीच पद्धत दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर काय होते ते आपण नंतर पुष्कळदा पाहिले आहे.

त्याच महागाईने गुजरातेत वेगळे वळण घेतले. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीच्या दरवाढीवरून ठिणगी पडली, नवनिर्माण आंदोलन राज्यभर पसरले, तिथेही थाळ्या वाजल्या, पण दुकाने लुटली गेली, संचारबंदी आणि गोळीबार झाले, माणसे मेली. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. सरकार पाडणे हे यश मोजण्याचे माप असेल तर गुजरात जिंकले आणि मुंबई हरली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते आणि ते गेले तेही लाटण्यामुळे नव्हे. मात्र मुंबईच्या समितीने सरकार पाडण्याची मागणी केली असती, तर तारा रेड्डी आणि मृणाल गोरे यांना एका मंचावर पंधरा दिवसही काढता आले नसते.

काय मिळाले

भाव मोर्च्यांमुळे उतरले, असे म्हणता येणार नाही. घाऊक किमती सप्टेंबर १९७४ नंतर खाली येऊ लागल्या. त्याला सरकारने पैशाचा पुरवठा आवळला हे कारण होते, आणि १९७५ च्या चांगल्या पावसाने पुढचे काम केले. समितीचा हिशेब दुसऱ्या वहीत मांडावा लागतो. पुरवठा हा विषय खात्याच्या बंद दालनातून तिने रस्त्यावर आणला आणि बाईला तो बोलण्याचा अधिकार आहे हे प्रस्थापित केले. रेशन दुकानदाराला वजनात मारताना मागे वळून बघावे लागू लागले. जी बाई आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढली नव्हती तिने इन्स्पेक्टरला तारीख आणि वार विचारला. याची आकडेवारी नसते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. १९८० नंतर मुंबईत ज्या तरुण स्त्रिया बलात्कार आणि हुंडाबळी यांविरुद्ध संघटित झाल्या, त्यांच्यातील अनेकींचा समितीवर आक्षेप होता की, तिने बाईला गृहिणी म्हणूनच रस्त्यावर आणले आणि गृहिणी म्हणूनच घरी परत पाठवले. लाटणे हातात घेऊन लढताना ते लाटणे बाईच्याच हातात का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आक्षेप बरोबर आहे. मोर्च्याच्या दिवशी पोळ्या कोणी केल्या, असे मी आईला एकदा विचारले, तेव्हा तिला माझा प्रश्नच समजला नाही. 'मीच. आल्यावर,' ती म्हणाली. परंतु त्याच मृणालताईंनी आणि प्रमिलाताईंनी पुढे हुंडा आणि गर्भलिंगनिदान यांविरुद्धच्या कायद्यांसाठी विधिमंडळात आणि संसदेत जो रेटा लावला, त्याची तालीम या मोर्च्यांत झाली नाही असे म्हणणे मला अवघड वाटते.

समिती मोडली ती मात्र या मर्यादेमुळे नव्हे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि जो प्रश्न तीन वर्षे मंचाबाहेर ठेवला होता तो एका रात्रीत आत आला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला. अहिल्याताई आणि प्रमिलाताई तुरुंगात गेल्या. मृणालताई भूमिगत झाल्या आणि डिसेंबरात पकडल्या गेल्या. लिटर आणि किलोवर जुळलेल्या माणसांना राज्य कसे चालावे यावर जुळण्यासाठी काहीच जमीन शिल्लक नव्हती. मार्च १९७७ मध्ये मृणालताई उत्तर मुंबईतून आणि अहिल्याताई उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर गेल्या, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा गाजली, आणि १९८० मध्ये त्याच उत्तर-मध्य मुंबईतून प्रमिलाताई निवडून आल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आपली चूक १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात मान्य केली.

लालबागच्या रांगेपुरते सांगायचे तर, आईच्या आठवणीप्रमाणे आणीबाणीच्या त्या पहिल्या पावसाळ्यात घासलेट बरे मिळू लागले होते. रांगही सरळ लागत असे, विटांवरून भांडणे होत नसत. बायका मात्र रांगेत फारसे बोलेनाशा झाल्या होत्या.